फाट्यावरून चढायचं

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की शहाद्यात तुमच्या हातून कान पिळून घेतलेले आता थोडेच उरलो आहोत, आणि त्या कानांवरही पांढरे केस आलेत. आज लिहायला बसलो तो मुलीसाठी. तिचा नंदुरबारला नर्सिंगला नंबर लागला. बाकीच्या विषयांनी सांभाळून घेतलं म्हणून लागला. ज्या जीवशास्त्रावर पुढचं सगळं उभं राहायचं, त्यातच ती काठावर पास झाली. निकालापासून तिचं एकच चाललं होतं, "आप्पा, मी सीट सोडून देते. पहिल्याच वर्षी शरीररचना असते. बारावीचं जमलं नाही, तिथे काय करू?" मी म्हणालो, माणसाच्या अंगात हाडं बारावीला असतात तेवढीच नर्सिंगलाही असतात, फी वाढते म्हणून ती वाढत नाहीत. ती हसली नाही. तुम्हीही हसला नसतात. वर्गात विनोदाचा अधिकार फक्त तुमचा.

मग मला जे येत होतं ते मी केलं. तुमच्याकडून घेतलेली संथा तिला दिली. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, मी पुस्तकातून हाडाचं नाव म्हणायचं, तिने ते दोनदा म्हणायचं, कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत. थोड्याच दिवसांत ती अशी घडाघडा म्हणू लागली की शेजारी स्तोत्र समजून हात जोडायचे तेवढे बाकी होते. मी खूश. माझी आई खाटेवर पाय चोळत ऐकत होती. ती नातीला म्हणाली, "बेटा, मन्हा गुडघा दुखी ऱ्हायना. तठलं हाड कोनतं शे?" पोरीने डोळे मिटले आणि कवटीपासून सुरुवात केली. ती जबड्याशी पोचली तेव्हा आजी म्हणाली, "डोकापाइन कसाले सांगी ऱ्हायनी? मन्हा गुडघा दुखस, डोकं नही." मध्येच अडवल्यामुळे पोरीला पुढचंही आठवेना. "बघा," ती मला म्हणाली, "पेपरात हेच झालं," आणि उठून आत गेली.

त्या क्षणी मला आपला वर्ग दिसला. तुम्ही पंचमी विभक्ती विचारली आहे आणि मी ओठांतल्या ओठांत प्रथमेपासून निघालो आहे. तुम्ही खडू खाली ठेवता. "गावाला जायला रोज डेपोत जाऊन बसतोस का रे? एस.टी. फाट्यावरही थांबते." सहामाहीत मी आपटलेला, त्यात हे. मला वाटलं, संपलं आपलं संस्कृत. पण शाळा सुटल्यावर तुम्ही मला सायकलवर मागे बसवलंत. पुरुषोत्तमनगरला तुमचं घर, वाटेत माझ्या गावाचा फाटा. समोरून उसाची गाडी आली की तुम्ही म्हणायचात, "सप्तमी." बाभूळ आली, "द्वितीया." क्रम नाही, इशारा नाही. चुकलो की रागवायचा नाहीत, ब्रेकही लावायचा नाहीत. नुसती घंटी वाजवायचात. त्या हंगामात रस्त्यावरच्या बैलांना वाटत असेल, या मास्तरला वाट सोडूनही समाधान नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी संथा बंद केली. सायकल आता घरात नाही, म्हणून घंटीचं काम बायकोकडे गेलं. ती भाकरी थापत असताना मी मध्येच विचारायचो, "आईचं मनगट फिरतंय, हाड सांग." पोरगी चुकली की तव्यावर उलथनं वाजायचं. आमच्या घरात चूक दाखवायला एरवी एवढंही साधन लागत नाही, पण पोरीला गंमत वाटू लागली. आजीने तर दोन्ही गुडघे विद्यादानाला काढून ठेवले. एका दुपारी पोरगी तिच्या पायाशी बसली, गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून एका दमात म्हणाली, "पटेला." आणि मग, कोणी न विचारता, "आजी, इथे दाबल्यावर जास्त दुखतं, की उठताना?" माझ्या आईने पाय तिच्याकडे सरकवला. म्हणाली, "हाई मले आजलोंग कोनी इचारंच नही." उलथनं तव्यावर तसंच राहिलं. त्यानंतर सीट सोडण्याचं नाव घरात निघालं नाही.

आज सकाळी तिला सोडायला फाट्यावर गेलो. गाडी यायच्या आधी तिने विचारलं, "कोणी विचारलं बायोलॉजीत किती मिळाले, तर?" मी म्हणालो, "मिळाले तेवढे सांग. आणि म्हणावं, आता गुडघ्याचं विचारा." या वेळी हसली. गाडी डेपोतूनच भरून आली होती. ती बॅग पुढे ढकलत चढली, दांडा धरून उभी राहिली आणि मागे वळून न बघता गेली. बसायला जागा मिळाली नाही तरी नंदुरबार येतंच.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता आमच्या पोस्टमनच्या हद्दीबाहेरचा आहे. तेव्हा ते इथेच राहील, आणि त्यामुळे एक गोष्ट निर्धास्तपणे सांगता येते. गुरुजी, पंचमी मला अजूनही प्रथमेपासूनच येते. फक्त आता ओठ हलत नाहीत.