काकांचा करंट आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ

गेला मंगळवार, ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. चि. ठोंब्या, (मेंदूचा डॉक्टर तू बाहेर; इथे ठोंब्याच) त्या घटकेला तू तुझ्या काकांच्या मेंदूत बसवलेल्या तारांचा करंट वाढवलास. मावशीचा आशीर्वाद आहेच. जेवतोस ना वेळेवर?

कंपवात आवरला, कप बशीत वाजेनासा झाला, हे मी नाकारत नाही. पण बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस घरात दिवसाला चार वाक्यं बोलायचा. तो दुसऱ्याच दिवशी लाल रंगाचा डबा घेऊन न्हाव्याच्या पाटीवर चढला! तिथे ‘फक्त पुरूषांसाठी’ असं लिहिलं होतं. न्हावी बिचारा खालून शिडी धरून, “काका, उतरा हो!” आणि हे वरून, “थांबा, आधी तुमचा पुरुष ऱ्हस्व करतो.” आता झोप तीन तास, बडबड एकवीस तास. तुझ्या नर्सने फोनवर विचारलं, मूळ स्वभाव बदललाय का, हो की नाही? अगं बाई, मूळ स्वभाव मला कधी दाखवलाय कोणी? शेवटी यांनाच विचारलं, “हे तुम्ही बोलताय की मशीन?” म्हणाले, “मशीनला ऱ्हस्व-दीर्घ कळतं का?”

गुरुवारपासून तर लग्नाआधीची माझी पत्रं तपासायला काढली आहेत. (कॉन्व्हेंटात आम्हाला ताठ बसायला शिकवलं, मराठी नाही.) पहिल्याच पत्रात तेवीस चुका, त्यातली पहिली ‘प्रीय’! एक्केचाळीस वर्षं गप्प का बसलात, म्हटलं. “तेव्हा सांगितलं असतं तर दुसरं पत्र आलं नसतं.”

तेव्हा करंट कमी कर. कधी करतोस ते शुक्रवार, १९ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोनवर तू नुसतं ‘बघू’ म्हणतोस.

तुझी मावशी

ता. क. कमी केल्यावर फक्त पाट्या थांबतील की सगळंच?

ता. क. दुसरा. त्या काळी माझ्या पत्राला यांचं ‘पत्र पोचले’ एवढंच कार्ड यायचं. आता प्रत्येक पत्राच्या तळाशी उत्तर लिहितात. मी विचारलं होतं, तुम्हाला गाणं येतं का? खाली लिहिलंय, ‘येतं. तू समोर असलीस की येत नाही.’ एकोणीस पत्रांपैकी बारा झाली, दिवसाला दोनच होतात. शिडी आणि रंग मी शेजारी नेऊन ठेवले आहेत, झोपेवर लक्ष आहे. तुझं उत्तर शनिवारच्या आत मात्र पाठवू नकोस.