गाडीखालचा पत्रा

प्रिय भावड्या,

तू सुचवलेलं अॅल्युमिनियम तुझ्या दाजींनी नापास केलं. वाईट वाटून घेऊ नकोस, माझा स्वयंपाकही त्यांच्याकडे अजून पास व्हायचाय. गाडीच्या इंजिनाखाली गार्ड बसवायचा म्हणून महिनाभर आमच्या घराचं गॅरेज झालंय आणि तुझी ताई त्यात बिनपगारी हेल्पर आहे. सोफ्यावर पत्र्यांचे तुकडे, बेसिनपाशी ग्रीस. ठमी शाळेतून आली की दप्तर फेकते आणि बापाबरोबर गाडीखाली शिरते.

आधी जाड प्लास्टिकची शीट आणली होती. दगडावरून छान घसरते, पण सायलेन्सरच्या पाइपाजवळ धरली तर मऊ पडली. मग तुझं अॅल्युमिनियम. हलकं, न गंजणारं, मला तर फार आवडलं. ह्यांनी तुकडा ओट्यावर ठेवून हातोडा घातला, पडलेला खड्डा बघितला आणि तुकडा खिडकीतून बाहेर भिरकावला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस! मी हसण्यावारी नेलं. शेवटी लोखंडाचा पत्रा ठरला. गंजेल, निदान रंग तरी लावा म्हटलं, तर म्हणाले, गंजायला वेळ लागतो, तेवढा वेळ कुठे राहणार आहे तो. मला वाटलं, गाडी विकायचं मनात असेल.

हा खटाटोप कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. लांबू, माझा दीर, त्या बंद पडलेल्या खाणीवर रखवालदार होता आणि गेल्या हिवाळ्यात तिथूनच बेपत्ता झाला. शोधणाऱ्यांनी हात टेकले. ह्यांनी नाही. मागच्या खेपेला एकटेच गाडी घेऊन वर खाणीकडे गेले, दगड लागून इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटलं, सगळं ऑइल सांडलं आणि पाय सोलवटून घेत चालत परत आले. तेव्हापासून झोपेत भावाशी बोलायचे. आता जागेपणीही बोलतात आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवतात. मला माझ्याच घरात भीती वाटते, भावड्या.

काल आम्ही पुठ्ठ्यावर गार्डचा आकार कापत होतो. ऑइल सोडायच्या नटाखाली भोक ठेवायचं असतं, एवढं आता मलाही कळतं. नाहीतर दर वेळी ऑइल बदलायला अख्खा गार्ड उतरवत बसा. मी पेन्सिलने गोल काढला. ह्यांनी तो शांतपणे खोडला. आता ऑइल कशाला बदलायचंय, म्हणाले. खाणीची शेवटची उतरण अशी आहे की गाडी आत जाते, वर चढत नाही. तिथवर चेंबर शाबूत राहिलं की झालं. मीही येते म्हटलं, तर वजन वाढेल म्हणाले. मग अगदी प्रेमाने सांगितलं, ठमीला मात्र सोबत नेतो. लांबूने माझ्या हाकेला ओ दिली नाही, तिच्या हाकेला नक्की देईल.

मी हो म्हटलं. चिडू नकोस. नाही म्हटलं असतं तर रात्री मी झोपलेली बघून ते तिला घेऊन परस्पर निघाले असते, पत्रा काय, कुठेही वाकवून मिळतो. असं नीट वाकवायची प्रेस फक्त तुझ्याकडेच आहे, हे मी कसंबसं त्यांच्या गळी उतरवलंय. फोन करायची सोय नाही, ते सतत आसपास असतात. हे पत्र शेजारच्या काकू कुरिअरने पाठवताहेत. रविवारी ते तुझ्या वर्कशॉपवर येतील. ठमी मागच्या सीटवर असेल, मामाकडे जायचं म्हणून खुशीत. पत्र्याचं नंतर बघ. काहीही निमित्त काढ, खोटं बोल, रडायला लाव हवं तर, पण आधी तिला गाडीतून उतरवून घे. आणि मग जमलं तर त्यांनाही.

तुझीच,
ताई