टीव्हीखालचं बटन

पप्पा,

जमलं की मला. आजोबांच्या भीमगीतांची वेबसाइट आपल्याच जुन्या कॉम्प्युटरवरून चालू झाली. नाव टाकल्यावर साइट कुठं आहे ते सांगायला दोन नेमसर्व्हर लागतात, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. पहिला आपल्या टीव्हीखालच्या त्याच कॉम्प्युटरवर आहे. दुसरा मी केम गावी राजाबाई आत्याकडं बसवलाय, साइटची एक प्रतही तिथंच ठेवलीय. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नकोच म्हणाला असता. आजोबांच्या वह्या वाटून घेतल्यापासून तुम्हा बहीणभावांचं बोलणं बंद आहे, पण गाणी आता सगळी एका ठिकाणी आली.

काल बाहेर जाताना तुम्ही सवयीनं घरातली सगळी बटनं बंद केलीत. तरी साइट दिवसभर चालू होती, आत्याकडच्या मशीनवर.

मी विहारात चाललेय, सगळ्यांच्या मोबाईलवर गाणी लावून दाखवणार. भाजी झाकून ठेवलीय.

आत्याचा फोन आला होता, केमला आज पाचपर्यंत लाईट नाही. तेवढं टीव्हीखालचं बटन चालू राहू द्या. काल तिनं सांभाळलं, आज आपली पाळी आहे.

धम्मप्रिया