चिमटी मेली आणि सकाळी हजर झाली

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या लेकीचं नाव सैन्याच्या प्रशिक्षणाच्या यादीत आलं आहे. भरती कार्यालयात खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी दोनदा बोट फिरवून खात्री करून दिली. आता नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझी पाठ आहे तशीच आहे.

तू मागे लिहिलं होतंस, की पोरीच्या डोक्यात हे खूळ त्या अंतराळातल्या कादंबरीनं भरवलं, तेव्हा ती वाच आणि त्यातलंच काही सांगून तिला थांबव. नेमकी तीच कादंबरी वाचनालयानं माझ्याकडे बांधणीला टाकली होती. शिवून, सरस लावून, दाबाखालून काढली आणि दोष शोधायला म्हणून उघडली. ताई, मला ती फार आवडली गं! (आत्ताच रागावू नकोस, पुढे रागवायला पुष्कळ आहे.) पोखरलेल्या एका चंद्रात सतरा-अठरा वर्षांची पोरं सैनिक व्हायला येतात. तिथे वर-खाली असं काही नाहीच, त्यामुळे कवायतीला निम्मी पलटण छताला उलटी उभी, आणि हवालदार बिचारा मान मोडेपर्यंत दोन्हीकडे ओरडतो. त्यात अंगानं एवढीशी म्हणून जिला सगळे चिमटी म्हणतात, ती हवा गळणारं दार बाहेरून लावून घेते आणि मरते. मी दुकानातच रडलो. (वह्या शिवून न्यायला आलेल्या मास्तरांनी पाणी दिलं.) पान उलटतो, तर चिमटी सकाळच्या हजेरीला जांभया देतेय! म्हटलं, वा, याला म्हणतात विज्ञान. वाक्य मध्येच तुटलं होतं, तेही नव्या धर्तीचं लेखन समजून गोड मानलं.

त्याच आनंदात मी पोरीला सांगितलं, पुढच्या काळात मेलेला माणूससुद्धा सकाळी हजेरी देतो, तू बिनधास्त जा. आणि शिकायला माझ्याकडेच राहते, तेव्हा पालक मीच, म्हणून संमतिपत्रावर सही ठोकली. चार दिवसांनी ग्रंथपाल पुस्तक घेऊन दारात. "तीस वर्षं बांधणी करता ना? मग मधली सोळा पानं शेवटी कशी शिवलीत?" (पानांचे आकडे आधीच्या बांधणीवाल्यानं कापताना उडवले होते, पण ते सांगून काय उपयोग?) पानं उसवून जागेवर लावली. चिमटी मेली ती मेलीच. पलटण तिची जागा रिकामी ठेवून उभी राहते आणि पुस्तक संपतं.

धावत घरी गेलो. पोरगी बुटांना पॉलिश करत होती. म्हणाली, "मामा, मी ते तीनदा वाचलंय. नीट लावलेलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू सही करत होतास ना."

एवढं म्हणून तिनं दुसरा बूट घेतला.

तुझा धाकटा

ता. क. माझी सही चालत नाही. आई हयात असताना मामा पालक ठरत नाही, हेही त्याच बाईंनी सांगितलं. सही तुझीच लागते.

दुसरा ता. क. सही कर असं मी म्हणत नाही. नको करू असंही म्हणवत नाही. मागणं एवढंच, की केलीस तर भावानं सांगितलं म्हणून केली, असं कधीच कुणाला सांगू नकोस. मला ते पेलणार नाही. खिडकी शुक्रवारी पाचला बंद होते. कोरं संमतिपत्र आणि हे पत्र पोरीच्याच हाती देतोय. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा ती समोर उभी असेल, तुझ्या चेहऱ्याकडे बघत. पेन तिच्याकडे आहे.