चटणी कोणी मागितली

रत्नागिरी,
रविवार, दुपार

प्रिय वैष्णवी,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही बरे आहोत. ह्यांचा गुडघा तेवढा कुरकुरतोय आणि यंदा कलमांना फळ बेताचंच आहे, पण एवढ्यासाठी काही मी पत्र लिहायला बसले नसते. जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसून लोकांची पत्रं इकडची तिकडे केली, स्वतः मात्र क्वचितच लिहिलं. तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की मी तुझ्या जेवणाखाण्याचं विचारते, तू माझ्या बीपीच्या गोळ्यांचं विचारतेस, आणि जे बोलायचं असतं ते दोघींच्या मध्ये तसंच बसून राहतं. मागे तू विचारलंस, "आई, मालिका बघितलीत का?" आणि मी म्हटलं, "अगं, इथे नेट कुठे धड असतं!" तू लगेच "बरं बरं" म्हणून दुसरंच काहीतरी काढलंस. नेट व्यवस्थित आहे. 'आटपा लवकर' आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मी तर दोनदा.

समोरच्या घरातल्या हर्षदने येऊन टीव्हीला जोडून दिली. "काकू, तुम्ही बघू नका असं आमची आई म्हणते," असं म्हणत म्हणतच जोडून दिली. नवरा गेल्यावर त्याच्या तरण्या बायकोने काय काय केलं याची विनोदी मालिका, आणि लिहिणारीच्या नावापुढे आपलं आडनाव. रत्नागिरीत हे लपून राहतं होय? पुण्याहून वन्संचा फोन आला. "पोटच्या पोराचं, अनिशचं, सुनेने असं हसं केलेलं तुला चालतं, मालिनी?" मी म्हटलं दूध उतू चाललंय, आणि ठेवला. आमच्या भजनी मंडळात सरळ दोन तट पडले. अर्ध्या बायका म्हणतात, लाज सोडली हल्लीच्या मुलींनी. उरलेल्या अर्ध्या मला हळूच विचारतात, पुढचा भाग कधी येणार. शेजारच्या दर्शनाची सासू गेल्या वर्षी गेली. ती मला देवळाच्या पायरीवर गाठून म्हणाली, "काकू, ती दुसऱ्या भागातली बाई, जी 'मी आहे ना' म्हणत गळ्यात पडते आणि मग चहात साखर कमी आहे म्हणते, ती आमच्याकडेपण आली होती हो!" आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मागच्या घरातल्या सगुणाने मोबाइलवर बघितली. ती म्हणाली, "वहिनी, माझा घोव गेला तेव्हा मला नुसती भूक लागायची गो. लाज वाटायची, म्हणून चुलीमागे बसून खायचे. ती पोरगी खाताना बघून बरा वाटला." मालिकेखाली लोकांनी लिहिलेलंही मी वाचलं. एकाने लिहिलं होतं, ह्या लेखिकेच्या घरात कधी कोणी गेलं नसेल. त्याला उत्तर द्यायला मी बसले, चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. परक्या माणसाला काय काय सांगायचं?

सगळ्यांचा राग तिसऱ्या भागावर. तो अँब्युलन्सचा. खरं सांगू, त्या प्रवासाबद्दल तू किंवा ह्यांनी मला कधी एक अक्षर सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अनिश तिकडे ऑफिसच्या खुर्चीतच गेला. हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुमच्याकडे आलेले, मी आंब्याच्या तोडणीपायी इथे मागे राहिलेली. मला त्याला शेवटचं बघता यावं म्हणून तुम्ही दोघं त्याला घेऊन मुंबईहून निघालात. एवढंच मला ठाऊक. बाकी सगळं रडणंच असेल, असं मी धरून चालले होते. आणि आता टीव्हीवर तुझी ती इरा आणि काळा गॉगल लावलेले तिचे सासरे महामार्गाच्या कामात अडकून बसलेले. संगमेश्वरच्या अलीकडे ड्रायव्हर म्हणतो, सकाळपासून पोटात काही नाही, अशी गाडी चालवली तर आपण सगळेच मागे निजू. मग ती वड्याची टपरी. टपरीवाला विचारतो, किती जण? इरा म्हणते, चार. आणि वर ओरडते, "दादा, सुकी चटणी जास्तीची!" मग चौथा वडाही तीच खाते, आणि ड्रायव्हरकडे बघून खदाखदा हसत सुटते. सासरे आपले देवासारखे स्तब्ध. भाजीबाजारात हल्ली पोरं एकमेकांना "चटणी जास्तीची" म्हणून हसतात, आणि मला बघितलं की गप्प होतात.

तो भाग चालू असताना मी ह्यांच्याकडे बघायचं टाळत होते. इरा 'चार' म्हणाली तसा ह्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, म्हणून पाणी द्यायला वळले, तर हे हसत होते. खांदे हलेपर्यंत हसत होते. अनिश गेल्यापासून ह्या घरात असं हसणं झालं नव्हतं, वैष्णवी. मग एकदम उठले आणि पडवीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला राग आला. तुझा नाही, ह्यांचा. आपल्या पोराच्या मरणावर माणूस हसतो कसा? त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही.

सकाळी आम्ही दोघं आंब्याची अढी लावत होतो. मी पेंढा पसरत होते, हे आंबे मांडत होते. मान वर न करता म्हणाले, "चटणी मी मागितली होती."

मला आधी कळेचना कसली चटणी. मग ते बोलत गेले, आंबे मांडता मांडता. म्हणाले, "वैष्णवीने वडा नुसता हातात धरला होता. तोंडापर्यंत न्यायची, परत खाली. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. मला वाटलं, ही आता कोसळणार, आणि मी एका डोळ्याचा म्हातारा, दोघांना घेऊन घरी कसा पोचणार? कोरडा घास तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून मी गाडीतूनच ओरडलो, चटणी दे रे जास्तीची. त्याआधी टपरीवाल्याने किती जण विचारलं होतं. मी चार म्हणालो. ड्रायव्हर, ती, मी आणि अनिश. तोंडातून गेलं, मालिनी. मोजताना मी त्याला वगळलाच नाही." पुढचा आंबा मांडत म्हणाले, "मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आधी मी हसायला लागलो. मग ती. हसता हसताच तिने वडा खाल्ला. तो रावजी ड्रायव्हर बिचारा घाबरून आमच्याकडे आरशातून बघत होता."

मी विचारलं, "आणि चौथा कोणी खाल्ला?"

"मी," म्हणाले. "टाकवेना."

म्हणजे मालिकेतल्या इराने जे जे केलं म्हणून लोक तुला नावं ठेवतात, ते सगळं ह्यांनी केलेलं. तू ते सगळं सुनेच्या अंगावर टाकलंस आणि सासऱ्याला गॉगल लावून नीट बसवलंस. आम्ही दोघंही नंतर बराच वेळ आंबे मांडत राहिलो. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला सारखं वाटत होतं, बरं झालं त्या गाडीत तुम्ही दोघं होतात.

पुढचं तुला हे कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. आमच्या ज्येष्ठ नागरिकांची दर महिन्याला सभा असते. ह्या वेळी विषय ठेवला होता, मालिका आणि घरातले संस्कार. मी म्हटलं जाऊ नका. हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, म्हणून मीही गेले. एक निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नाही, अनिशला त्यांनी गणित शिकवलंय. आमच्याकडे न बघता म्हणाले, "शोक हा पवित्र असतो. नवऱ्याच्या देहाशेजारी, सासऱ्यांच्या देखत जी मुलगी चटणी मागते, तिच्याकडून समाजाने काय शिकायचं?" पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. हे उठले. माईक पुढे केला तो घेतला नाही. जागेवरूनच, कार्यालयात साहेबाशी बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "चटणी मी मागितली होती. वडे चार मी सांगितले, चौथा मी खाल्ला आणि हसलोही आधी मीच. मुलगा माझा होता. सुनेने ते स्वतःच्या नावावर घेतलं, कारण म्हाताऱ्याला लोकांचं बोलणं सोसणार नाही असं तिला वाटलं. मला सोसतं. ज्याला जे बोलायचं असेल त्याने ते मला बोलावं."

मग मागच्या बाकावरच्या एक आजी, एरवी ज्यांना ऐकू येत नाही असं आम्ही समजतो, त्या मोठ्याने म्हणाल्या, "आमचे हे गेले तेव्हा मी आधी गॅसवरची आमटी उतरवली. मग रडले." कोणीतरी खुदकन हसलं. मग एकाने सांगितलं, वडिलांना नेताना त्याच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या आणि त्या बघून सख्खा भाऊ तिरडीला खांदा देऊन हसत होता. सभा कुठल्या कुठे गेली. अर्थात सगळेच काही विरघळले नाहीत. मुख्याध्यापक चहा घेताना ह्यांना म्हणाले, "चिंतामणराव, तुमचं दुःख मी समजतो, पण घरातलं घरात ठेवावं असंच माझं मत." हे म्हणाले, "असू दे की." वन्संचा फोन अजूनही येत नाही. भजनी मंडळातल्या दोघीजणी मला बघून रस्ता ओलांडतात.

आणि मलाही सगळंच आवडलं असं समजू नकोस. पाचव्या भागात इरा त्याचे शर्ट वाटते आणि कोणाला तो कसा दिसतो यावर हशा पिकवलाय, तिथे मी टीव्ही बंद केला. दुसऱ्यांदा बघतानाही तो तुकडा पुढे ढकलला. त्याचे शर्ट इथे कपाटात आहेत आणि मी त्यांना अजून हात लावलेला नाही. तू तिकडचे वाटलेस ते बरोबरच केलंस, पण त्यावर हसायला मला अजून वेळ लागेल. कदाचित येणारच नाही. तसं झालं तर मला माफ कर.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. शेवटच्या भागात अँब्युलन्स घरी पोचते आणि आईच्या खोलीचं दार बंद असतं. नुसतं दार, आतून आवाज नाही. लोकांना ते फार आवडलं. मला मात्र कळलं की दाराआड काय होतं ते तुला माहीतच नाही, कारण मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही वाटेत होतात तेव्हा हर्षदने लोकांना बसायला खुर्च्या मागवल्या. लग्नसराईचे दिवस. मांडववाल्याने घाईत लग्नाच्याच पाठवल्या, पांढरे झगे घातलेल्या, प्रत्येकीच्या पाठीला लाल साटिनच्या फितीचं हे एवढं फूल. बदलून आणायला वेळ नव्हता. समाचाराला आलेल्या बायका अंगणात फिती सोडायला बसल्या, मीही बसले. गाठी काही लवकर सुटेनात. सुटतील त्या फिती मी पदरात गोळा करत होते. आणि सगुणा माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, अत्तर-गुलाबपाणी पाठवायचा इसरला वाटता." मला हसू फुटलं. थांबेचना. पुत्रशोकाने हिचं डोकं फिरलं असं सगळ्यांना वाटलं, कोणी कांदा हुंगवला, कोणी साखरपाणी पाजलं, आणि फितींसकट मला खोलीत नेऊन बाहेरून दार ओढून घेतलं. माझं डोकं फिरलं नव्हतं, बाळा. मला खरोखरचं हसू आलं होतं, आणि ते अनिशला सांगायला हवं असं वाटत होतं. काल ह्यांनी तुझा मेसेज दाखवला. तुमच्यापर्यंत एवढा त्रास पोचला, आता मालिकेचं दुसरं पर्व लिहिणार नाही, महिनाअखेर मालिकावाल्यांना नकार कळवते, असं तू त्यांना लिहिलंस. नकार कळवू नकोस. लिही. लोक बोलतील, आम्ही ऐकू, त्यात काही नवं नाही. फक्त ह्या वेळी ते दार उघड. आत मी पलंगावर बसले आहे, मांडीवर लाल फितींचा ढीग आहे, आणि मी तोंडावर हात दाबून हसते आहे.

तुझ्या गाडीत नसलेली, पण तुझीच,
आई