सासूबाईंचं नकली काडतूस

मोंटाना, नोव्हेंबर

प्रिय बाबा,

इकडच्या बर्फातून तुमच्या लेकीचा नमस्कार. मी मजेत आहे, सासरी सगळे जीव लावतात.

तुम्ही लग्नात दिलेली थर्टी-ऑट-सिक्स रायफल घेऊन सासूबाईंबरोबर नेमबाजीच्या सरावाला गेले. नेम काही केल्या लागेना. "दे इकडे, मी भरून देते," त्या म्हणाल्या. मी चाप ओढला, तर बार उडालाच नाही, पण नळी मात्र गचका खाऊन खाली गेली. त्यांनी गुपचूप नकली काडतूस भरलं होतं!

"पाहिलंस? बार व्हायच्या आधीच दचकतेस," त्या हसल्या. "हरणाला एवढी तोफ कशाला गं? खांद्याला सोसेल तीच बंदूक आपली."

आणि स्वतःची हलकी टू-फोर्टी-थ्री रायफल माझ्या हातात दिली. काडतूस लहान, धक्का जेमतेम. शनिवारी एकाच गोळीत हरीण जागच्या जागी पडलं. काय बाई आहे हो बाबा! न रागावता माझी भीती काढली.

तुमचा खांदा ऑपरेशननंतरही दुखतो का? गेल्या वर्षी शिकारीच्या कॅम्पवर हरणावरचा तुमचा नेम चुकला आणि नेम चुकणाऱ्याचा शर्ट कापायच्या रिवाजाप्रमाणे मंडळींनी तुमच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकला, हे आईकडून कळलं. मला तर तुम्ही म्हणालात, हरीणच दिसलं नाही.

तुमच्या शिकारीच्या आठवड्यात मी विस्कॉन्सिनला येतेय. सासूबाईंनी तुमच्यासाठी ती हलकी रायफल दिलीय. नाही म्हणू नका. त्यांनी नकली काडतूसही दिलंय.

शर्ट मात्र जुनाच घाला.

तुमचीच,
लिनिया