थिएटरच्या दारापर्यंत

प्रिय बाबा,

विवेकच्या नोकरीपायी सिंगापूरला आले, माझी नोकरी सुटली. मग लिफ्टमध्ये शेजारणीशी बोलायलाही बिचकायचे. तुम्हाला कळू दिलं नाही.

हल्ली इथल्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात स्वयंसेवक आहे. पेशंटची व्हीलचेअर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेते. घाबरलेल्या चिनी आज्या माझा हात सोडत नाहीत. "घाबरू नका, मी आहे ना," मी चक्क मराठीत सांगते. त्या शांत होतात. त्यांच्यामुळेच मला पुन्हा कंठ फुटला.

आज पुण्यात तुम्हाला बायपासला आत नेताना दादाने फोन तुमच्या कानाला लावला. तुम्ही म्हणालात, "आशू, बोल ना काहीतरी."

रोजचंच वाक्य ओठांवर आलं, बाबा. पण कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

तुम्ही अजून आतच आहात.

तुमची,
आशू